प्लेगचें इस्पितळ

मुंबईस आर्थर रोडवर सांथीच्या रोगांसाठीं म्युनिसिपालिटीचें एक इस्पितळ १८९२ सालीं सुरू झालें. आजूबाजूस कापडाच्या गिरण्या, गिरणीकामगारांच्या चाळी, आणि त्यांच्यामध्यें हें इस्पितळ. चार वर्षांनीं, १८९६ च्या ऑक्टोबरांत, असे दिवस आले कीं, आर्थर रोडचें नांव काढतांच घरांतलीं माणसें आपल्या रोग्यास माळ्यावर किंवा कपाटाआड लपवूं लागलीं. रोगापेक्षां इस्पितळाचें भय अधिक, अशी ही विलक्षण स्थिति होती. तें सारें लोकांच्या अज्ञानाचें फळ, असें म्हणून मोकळें होण्याची रीत पुष्कळ दिवस चालत आलेली आहे. ती सरकारी अहवाल लिहिणाऱ्यांनीं पाडली, आणि इकडील शिकलेल्या मंडळींनींहि ती निमूटपणें उचलली. परंतु त्या इस्पितळाच्या दारांतून आंत गेलेल्या माणसाचें पुढें काय होत असे, हें बारकाईनें पाहिलें म्हणजे दिसून येतें कीं, भिणारे सर्वस्वी चुकत नव्हते. आणि त्यांस दटावणारेहि सर्वस्वी बरोबर नव्हते.

प्लेग मुंबईस प्रथम ओळखला तो डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनीं. हे मूळचे गोमंतकांतील बारदेश प्रांताच्या हडफडें गांवचे, शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत झालेलें, आणि म्युनिसिपालिटीच्या कारभारांत वजन असलेले. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवीच्या नवरोजी हिल भागांत त्यांस कांहीं रोगी निराळ्याच तापानें आजारी असलेले आढळले. मांडवी म्हणजे बंदराजवळची दाट वस्ती. खालीं धान्याच्या वखारी, वर माणसें. वखारींत व मोऱ्यांत उंदीर मरून पडत होते. डॉ. व्हिएगस यांनीं हा गाठीचा प्लेग असल्याचें उघडपणें सांगितलें, तेव्हां प्रथम पुष्कळांस ती गोष्ट पटली नाहीं. व्यापाराचें शहर, जगभर ये-जा करणारीं जहाजें. असल्या रोगाचें नांव ऐकून घेणें कोणास आवडणार? परंतु रोग नांवाची वाट पाहत थांबला नाहीं. मराठी वर्तमानपत्रांनीं त्यास ‘ग्रंथिक सन्निपात’ असें भारदस्त नांव दिलें. चाळींतून मात्र ‘गाठीचा ताप’ हाच शब्द चालला.

हा ताप येई कसा? एकाएकीं हुडहुडी भरून अंग तापे, डोकें फुटूं लागे, डोळे लाल होत. चालूं गेल्यास पाय लटपटत, बोलूं गेल्यास जीभ अडखळे. अनोळखी माणसास वाटावें कीं, हा गृहस्थ दारू पिऊन आला आहे. जांघेंत, काखेंत किंवा मानेखालीं गाठ येई आणि तिला बोट लागलें तरी रोगी कळवळे. पुढें भ्रम होई. भ्रमांत रोगी अंथरुणांतून उठून बाहेर धांवूं पाही, आणि हृदय आधींच इतकें दुर्बळ झालेलें असे कीं, नुसता उठून बसतांच कित्येकांचा प्राण जाई. तीन ते पांच दिवसांत बहुधा निकाल लागे. जो आठवडा काढी, त्याची गाठ पिकून फुटे आणि तो कदाचित् वांचे.

औषध असें नव्हतेंच. हें ध्यानांत ठेवल्यावांचून त्या काळच्या इस्पितळाविषयीं न्याय करतां येत नाहीं. प्लेगचे जंतु हाँगकाँग येथें १८९४ सालीं अलेक्झांडर यर्सिन यांनीं शोधून काढले होते. परंतु जंतु सांपडणें निराळें आणि ते माणसाच्या अंगांत मारतां येणें निराळें. डॉक्टरांच्या हातीं होतें तें एवढेंच: डोक्यावर बर्फ, गाठीवर पोटीस, पिकल्यावर चिरा, आणि हृदय चालू राहावें म्हणून कुचल्यापासून काढलेलें औषध व ब्रँडी. ज्या घरांत दारूचा थेंब शिवत नसे, त्या घरांतील माणसाच्या तोंडांत शेवटच्या घटकेस ब्रँडी घातली जाई, ही गोष्ट डॉक्टरांस क्षुल्लक वाटे. परंतु रोग्याच्या आईस ती क्षुल्लक वाटत नसे.

६ ऑक्टोबर १८९६ रोजीं म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनीं जाहीरनामा काढून प्लेगच्या रोग्यास, लागल्यास बळजबरीनेंहि, इस्पितळांत नेण्याचा अधिकार आपल्या नोकरांस दिला. जाहीरनामा इंग्रजी कायद्याच्या भाषेंत होता. चाळींत तो डोलीच्या रूपानें पोंचला. डोली दाराशीं आली कीं सगळा वाडा गप्प होई. साध्या हिवतापाचा आणि प्लेगचा ताप पहिल्या दिवशीं वेगळा ओळखणें निष्णात डॉक्टरांसहि कठीण जाई. त्यामुळें भलताच रोगी उचलला जाण्याची धास्ती निराधार नव्हती. नेलेलें माणूस आर्थर रोडला, म्हणजे मांडवीहून दोन-अडीच मैल दूर. गरिबास रोजगार बुडवून तेथवर जाणें कठीण, आणि गेलें तरी आंत सोडतील याची खात्री नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या समाजांत मरणें ही एकट्यानें करण्याची गोष्ट कधींच नव्हती. हिंदूंच्या घरीं माणूस जाऊं लागला कीं त्यास जमिनीवर दर्भावर घेतात, मुखांत गंगोदक व तुळशीपत्र घालतात, मुलगा मांडी देतो. मुसलमानाच्या कानीं कलमा पडावा लागतो. पारशांच्या प्रेतास सगदीदचा विधि असतो. हे विधि करणारीं माणसें ठरलेलीं, त्यांचीं नातीं ठरलेलीं. इस्पितळांत यांपैकीं कोण होतें? खाटेवर परका, शेजारी परका, पाणी देणारा कोणत्या जातीचा तें ठाऊक नाहीं, आणि स्त्री रोगी असेल तर तिच्या काखेंतली व जांघेंतली गाठ पाहणारा पुरुष, तोहि परदेशी. मरणाचें दुःख तर घरींहि होतेंच. परंतु अशा मरणानें इहलोकाबरोबर परलोकहि गेला, अशी समजूत झाली. जातिभेदाचा अतिरेक वाईट, हें मान्य करूनहि असें म्हणावें लागेल कीं, मरणाऱ्याच्या मुखांत आपल्या माणसाच्या हातचें पाणी पडावें ही इच्छा जातिभेदापुरती नाहीं. ती विलायतेंतल्या शेतकऱ्याचीहि असते.

त्यांत इस्पितळांतून बरे होऊन परत येणारे थोडे. त्या काळीं प्लेगच्या इस्पितळांत आलेल्या शंभरांतील सत्तर किंवा त्याहूनहि अधिक दगावत. याचें कारण उघड आहे. भीतीमुळें लोक रोग्यास लपवीत. अगदीं आसन्नमरण होईतों त्याचा पत्ता लागत नसे. पत्ता लागला म्हणजे त्यास डोलींत घालून हलवीत, आणि दुर्बळ हृदयाच्या रोग्यास हलवणें हेंच घातक. कित्येक तर पोंचल्यावर एका दिवसाच्या आंत मरत. मग चाळींत हिशेब होई तो सरळ होई: काल नेला, आज मेला. लपविल्यामुळें मरण, मरणामुळें भय, आणि भयामुळें पुनः लपविणें, असें तें रहाटगाडगें चालू राहिलें.

अशा ठिकाणीं कंड्या पिकल्या तर नवल नाहीं. एक कंडी मोमिआईची. माणसास उलटें टांगून त्याच्या अंगांतून एक औषधी तेल काढतात, ही समजूत जुनी होती. ती आतां आर्थर रोडला येऊन चिकटली. दुसरी अधिक चमत्कारिक. त्याच ऑक्टोबरांत मुंबईंतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास कोणीतरी डांबर फासलें. तें कृत्य पुण्याच्या चापेकर बंधूंचें होतें, हें मागाहून कळलें. लोकांत बोलवा अशी उठली कीं, या अपमानानें राणी कोपली आहे आणि तिच्या शांतीसाठीं इस्पितळांतील रोग्यांचीं काळजें काढून विलायतेस पाठवितात. हंसूं येण्यासारखीच ही गोष्ट आहे. परंतु तिच्या तळाशीं असलेला प्रश्न मात्र हंसण्यासारखा नव्हता: आमचें माणूस आंत नेऊन तुम्ही त्याचें काय करतां? या प्रश्नास दार उघडून उत्तर द्यावयास पाहिजे होतें. दार बंद होतें, म्हणून उत्तर कंड्यांनीं दिलें.

२९ ऑक्टोबर १८९६ रोजीं सुमारें हजार गिरणीकामगारांनीं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशीं कमिशनरांनीं आपला हुकूम सौम्य केला. घरांतच रोग्यास वेगळें ठेवून औषधोपचार करण्याजोगी सोय असेल, तेथून त्यास हलविलें जाणार नाहीं, असें जाहीर झालें. हा बदल केवळ दयेनें झाला, असें समजण्याचें कारण नाहीं. शहरांतील सफाईवाले भिऊन पळून गेले तर मुंबईच्या मोऱ्या आणि संडास कोण साफ करणार, ही धास्ती म्युनिसिपालिटीस सर्वांत मोठी होती. ज्यांस शहर आपल्या उंबऱ्याशीं उभें करीत नसे, त्यांच्या पायांवर शहराचे प्राण अवलंबून होते, हें त्या महिन्यांत अधिकाऱ्यांस उमगलें. तरीहि लोक पळालेच. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती आठ लाखांवर होती. १८९७ च्या आरंभीं तींतील जवळजवळ निम्मी शहर सोडून गेली.

इस्पितळाच्या आंत मात्र कांहीं माणसें आपल्या जागीं राहिलीं. त्यांत आर्थर रोडचे डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें. प्लेगचे रोगी त्यांच्याइतके पाहिलेले डॉक्टर त्या काळीं जगांत फार थोडे असतील. यर्सिन यांच्या रक्तरसाचा आणि पुढें फ्लॉरेन्सच्या लुस्टिग यांच्या रक्तरसाचा प्रयोग याच इस्पितळांत झाला. लुस्टिग यांच्या रक्तरसाच्या वेळीं चोक्सी यांनीं एकाआड एक रोग्यास तें औषध देऊन उरलेल्यांशीं तुलना केली. औषधाची परीक्षा निःपक्षपातानें कशी करावी याचा तो आरंभींच्या नमुन्यांपैकीं एक होय, असें आतां वैद्यकाचे इतिहासकार मानतात. औषध मात्र तारक ठरलें नाहीं. जे. जे. इस्पितळाचे डॉ. रॉबर्ट मॅन्सर १८९७ च्या जानेवारींत प्लेगनेंच वारले. त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिकाहि त्याच रोगास बळी पडली. त्यांस झाला होता तो फुप्फुसांचा प्लेग. ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉ. चाइल्ड यांनीं या प्रकाराचें वर्णन त्याच सुमारास केलें. गाठीचा आणि फुप्फुसांचा हा भेद पुढें महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून श्रोत्यांनीं तो ध्यानांत ठेवावा.

त्याच जानेवारींत ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत वॉल्डेमार हाफकिन यांनीं प्लेगची लस तयार केली आणि १० तारखेस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. लसीचा इतिहास मोठा आहे. येथें तो सांगण्याचें प्रयोजन नाहीं. लस निरोग्यासाठीं होती. खाटेवर पडलेल्यास तिचा उपयोग नव्हता.

४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा पास झाला. चारच कलमांचा हा कायदा. परंतु प्रवाशांस तपासणें, रोग्यांस अडकविणें, घरांत शिरणें हे सारे अधिकार त्याखालीं मिळाले, आणि शेवटच्या कलमानें, सद्बुद्धीनें काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर फिर्याद चालणार नाहीं असें ठरलें. मार्च महिन्यांत मुंबईस ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या हाताखालीं प्लेग कमिटी नेमली गेली, आणि पुण्यास मि. रँड यांच्या अध्यक्षतेखालीं दुसरी. कायदा एक, रोग एक, महिना एक. वागणुकींत मात्र फरक पडला, आणि तो फरक इस्पितळांच्या दारांशींच विशेष दिसला.

मुंबईस घरोघर झडत्या झाल्या, लोकांस त्रासहि झाला. परंतु गॅटेकर यांनीं निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांस आपापलीं इस्पितळें काढण्यास उत्तेजन दिलें. पारशी, जैन, खोजे, भाटिये वगैरे समाजांनीं वर्गण्या करून तीं काढलीं. कोठें तट्ट्यांचीं, कोठें पत्र्याचीं. परंतु तेथें स्वयंपाकी आपला, पाणक्या आपला, आणि मुख्य म्हणजे घरचें एक माणूस खाटेजवळ बसूं शके. मरणारे तेथेंहि मरतच होते, कारण औषध तेथेंहि नव्हतें. पण बाप मुलाच्या उशाशीं असतांना मुलगा गेला, तर कोणी त्याचें काळीज काढल्याची कंडी उठत नसे. कंडीस जागाच नसे. कोट्यवधि रुपयांच्या शहरास ही साधी गोष्ट उमजण्यास पांच-सहा महिने लागले.

पुण्याची कथा अधिक कडू आहे. शहरांत गोरे सोजीर घरांत शिरून झडत्या घेऊं लागले, देवघरें आणि माजघरें तुडवूं लागले. रोगी संगमाजवळच्या सरकारी प्लेग-इस्पितळांत, आणि त्याच्या घरचीं माणसें स्वारगेटाकडील छावणींत, अशी एका कुटुंबाची दोन ठिकाणीं फाळणी होई. इकडे नवरा कसा आहे तें बायकोस कळूं नये, तिकडे बायको कोठें आहे तें नवऱ्यास. पंडिता रमाबाई या तर सरकारद्वेष्ट्या नव्हत्या, ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या होत्या. त्यांनींहि आपल्या आश्रयाच्या एका मुलीच्या अनुभवावरून, सरकारी इस्पितळांत स्त्रियांच्या सुरक्षिततेची नीट व्यवस्था नाहीं अशी तक्रार ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रांत केली. तिचे पडसाद विलायतेंतहि उमटले. म्हणजे हें भय केवळ अडाण्यांचें आणि जुन्या वळणाच्या माणसांचें होतें असें म्हणण्यास जागा राहत नाहीं.

टिळकांनीं या वेळीं घेतलेली भूमिका लक्षांत घेण्यासारखी आहे. पुष्कळ मोठे लोक शहर सोडून गेले असतां ते पुण्यांतच राहिले. इस्पितळ नको असें त्यांनीं म्हटलें नाहीं. रोग्यास वेगळें ठेवणें अवश्य आहे असेंच ‘केसरी’चें म्हणणें होतें. त्यांचा कटाक्ष होता तो तें काम ज्या रीतीनें होत होतें तिच्यावर. म्हणून त्यांनीं वर्गणी जमवून हिंदूंसाठीं निराळें प्लेग-इस्पितळ काढण्यांत पुढाकार घेतला आणि तेथें स्वतः जात-येत राहिले. इस्पितळास विरोध करण्याऐवजीं इस्पितळ आपल्या हातीं घ्यावें, ही युक्ति मुंबईच्या समाजांप्रमाणेंच पुण्यासहि लागू पडली. अर्थात् त्यांतहि एक उणीव राहिली. जातवार व धर्मवार इस्पितळें निघालीं कीं ज्यांस जातीचें पाठबळ नाहीं, वर्गणी देणारे शेठ-सावकार नाहींत, त्यांनीं कोठें जावें?

याचें उत्तर पुण्याजवळच एका माउलीनें दिलें होतें. जोतीराव फुले १८९० सालीं वारले. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई या वेळीं सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनीं शहराबाहेर हडपसरजवळ मोकळ्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला. मुंढव्याच्या, अस्पृश्य मानलेल्या वस्तींतील एका मुलास प्लेग झाला आहे असें कळतांच सावित्रीबाईंनीं त्यास आपल्या पाठीवर घेऊन त्या दवाखान्यांत आणलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या रोग्यांच्या सेवेंतच त्यांस प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. त्या दवाखान्यांत रोग्यास न्यावयास सोजीर लागत नव्हते, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

रँड यांच्यावर २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर व बाळकृष्ण चापेकर यांनीं हल्ला केला. त्यांच्याच मागोमाग दुसऱ्या गाडींत असलेले लेफ्टनंट आयर्स्ट जागच्या जागीं मेले. रँड यांस ससून इस्पितळांत नेलें. डेव्हिड ससून यांच्या देणगीनें उभें राहिलेलें, १८६७ सालीं सुरू झालेलें, पुण्यांतलें हें सर्वांत सोयीचें इस्पितळ. तेथें ते ३ जुलै रोजीं वारले. त्यांच्या कमिटीनें ज्यांस डोलींत घालून नेलें, त्यांपैकीं फार थोड्यांच्या वांट्यास अशी खाट व अशी शुश्रूषा आली असेल.

आतां त्या सर्व खटाटोपाच्या मुळाशीं जो समज होता, त्याकडे वळावयास पाहिजे. सरकारचा समज असा कीं, प्लेग माणसापासून माणसास होतो. म्हणून रोग्यापाशीं आप्त नकोत, आप्तांपाशीं शेजारी नकोत. जून १८९८ मध्यें कराचीस पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनीं काचेच्या बरणींत उंदीर ठेवून असें दाखविलें कीं, प्लेग झालेल्या उंदराच्या अंगावरील पिसू दुसऱ्या उंदरास चावली म्हणजे रोग जातो. पिसू नसतील तर जात नाहीं. त्यांचें म्हणणें बराच काळ कोणी मानलें नाहीं. पुढें मुंबईसच परळच्या प्रयोगशाळेंत १९०५ पासून प्लेगसंशोधन-मंडळानें घरोघरचे उंदीर तपासून तें निर्विवाद सिद्ध केलें. गाठीचा प्लेग उंदरावरून पिसवेच्या मार्गें माणसास येतो. खाटेवरच्या रोग्यापासून शेजारी बसलेल्यास तो सहसा होत नाहीं. अपवाद फुप्फुसांच्या प्लेगचा, ज्यानें डॉ. मॅन्सर गेले, परंतु मुंबईच्या सांथींत तो प्रकार थोडा होता. इस्पितळांत आपल्या माणसाजवळ रात्रंदिवस बसलेल्या आप्तांस रोग क्वचितच झाला, हा अनुभव डॉक्टरांनीं स्वतःच नमूद करून ठेवलेला आहे.

श्रोत्यांनीं या गोष्टीचा क्षणभर विचार करावा. सरकार ज्यांस रोग्यापासून दूर हांकीत होतें, त्या आई-बापांच्या बसण्यानें कोणाचें बहुधा कांहींच बिघडत नव्हतें. आणि लोक ज्या इस्पितळास भीत होते, तें धान्याच्या वखारींपासून दूर, मोकळ्या हवेंतलें, उंदीर कमी असलेलें ठिकाण त्यांच्या स्वतःच्या घरापेक्षां सुरक्षित होतें. दोघांचेंहि भय चुकीच्या जागीं होतें. फरक एवढाच कीं, एकाच्या भयामागें सोजिरांच्या बंदुका होत्या आणि दुसऱ्याच्या भयामागें माळा आणि गोधडी. शहाणपण म्हणावें तर तें खेड्यांतल्या लोकांचें. घरांत उंदीर पडूं लागले कीं घर सोडून रानांत झोंपडी बांधून राहावें, हें त्यांनीं प्रयोगशाळा निघण्यापूर्वींच अनुभवानें ओळखलें होतें. आणि त्या एका उपायानें जितके जीव वांचले, तितके कोणत्याहि इस्पितळानें वांचविले नाहींत.

९ मार्च १८९८ रोजीं मुंबईंत पुनः दंगा उसळला. मदनपुरा भागांतील मुसलमान विणकरांच्या घरीं एका आजारी मुलीस तपासावयास पथक आलें, घरच्यांनीं अडविलें, गोळीबार झाला, माणसें मेलीं, दोन गोरे शिपाईहि मारले गेले. निमित्त पुनः तेंच: घरांतली मुलगी, परका हात, आणि इस्पितळ. यानंतर मात्र बळजबरीचें धोरण सरकारनें हळूहळू सोडलें. ज्यास इस्पितळांत यावयाचें असेल त्यानें यावें, बरोबर घरचें माणूस आणावें, अशी वहिवाट पडत गेली. रोग तसाच राहिला. १९०३ सालीं टिळकांचे वडील चिरंजीव विश्वनाथ प्लेगनेंच वारले. १८९६ पासून पुढच्या पंचवीस वर्षांत हिंदुस्थानांत प्लेगनें एक कोटीहून अधिक माणसें गेलीं. त्यांपैकीं इस्पितळांत मेले ते मूठभर. बाकीचीं आपापल्या घरीं, शेतांत, रानांतल्या झोंपड्यांत गेलीं.

औषध सांपडलें तें पन्नास वर्षांनीं. १९४० नंतरच्या दशकांत सल्फा औषधें आणि त्यांच्या मागून स्ट्रेप्टोमायसिन आलें. हाफकिन यांचें नांव १९२५ सालीं ज्या परळच्या संस्थेस दिलें गेलें, तेथें कर्नल साहिबसिंग सोखी यांनीं या औषधांचे प्रयोग प्लेगवर केले. ज्या रोगांत शंभरांतील सत्तर मरत, त्या रोगांत वेळेवर औषध मिळाल्यास बहुतेक सर्व वांचूं लागले.

आर्थर रोडचें तें इस्पितळ अजून आहे. त्याचें नांव पुढें कस्तुरबा इस्पितळ झालें. १८९७ चा कायदाहि राहिला. मार्च २०२० मध्यें करोनाची सांथ आली तेव्हां महाराष्ट्र सरकारनें तोच कायदा लागू केला, आणि मुंबईंतील पहिले रोगी ज्या ठिकाणीं ठेवले गेले तें हेंच इस्पितळ. तो रोग श्वासावाटे पसरणारा होता. गाठीच्या प्लेगांत ज्या आप्तांस आंत घेतलें असतें तर चाललें असतें, तसें आप्तांस आंत घेणें या वेळीं डॉक्टरांस शक्य नव्हतें. पुष्कळ घरच्यांस आपल्या माणसाचें शेवटचें दर्शन दुरूनच झालें, किंवा मुळींच झालें नाहीं.